पहिल्या नोकरीचे वाङ्मय : तिरुवल्लिकेणी आणि पुणे

स्त्रियांच्या आत्मकथनांची चर्चा मराठी समीक्षेने पुष्कळ केली आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या ग्रंथांनी या लेखनप्रकाराची जी चौकट घालून दिली, ती बालपण, विवाह, सासर, शिक्षण, पतीचे सार्वजनिक कार्य आणि वैधव्य या टप्प्यांची आहे. पुढच्या पिढ्यांतील लेखिकांनी ती ताणली, काहींनी मोडली. तरी एका अनुभवाला तीत अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. शिकलेल्या तरुण मुलीने पगारासाठी प्रथमच घराबाहेर पडणे, आणि तेही वृत्तपत्राच्या वा नियतकालिकाच्या कचेरीत पाऊल टाकणे, हा तो अनुभव होय. एकोणीसशे साठनंतरच्या चार-पाच वर्षांत तो भारतातील अनेक शहरांत एकाच वेळी घडत होता. त्याचे वाङ्मय मात्र विरळ आहे. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

याचे एक उत्तर सोपे आहे आणि ते वारंवार दिले जाते : अशा स्त्रिया संख्येने थोड्या होत्या, म्हणून त्यांचे लेखनही थोडे. हे उत्तर मला अपुरे वाटते. विलायतेला जाऊन आलेल्या स्त्रिया त्याहूनही थोड्या होत्या, पण त्यांची प्रवासवर्णने आहेत. खरी अडचण घाटाची आहे. विवाह ही घटना आहे, तुरुंगवास ही घटना आहे. नोकरी हा दिनक्रम आहे. सकाळी उठणे, घरातले आवरणे, बस गाठणे, कुणीतरी लिहिलेल्या मजकुराची काटछाट करणे, गॅली प्रुफे तपासणे, दिवेलागणीच्या आत घरी परतणे, आणि दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा. यात आरंभ आहे, पण मध्य आणि अंत नाहीत. कथानकावर पोसलेल्या वाङ्मयीन अभिरुचीला ही सामग्री कच्ची वाटते आणि समीक्षक तिला 'सामाजिक दस्तऐवज' असे नाव देऊन मोकळे होतात.

पुरुष पत्रकाराच्या बाबतीत ही अडचण आपल्या कादंबरीने सहज ओलांडली. अरुण साधू यांच्या 'सिंहासन'मधील दिगू टिपणीस हा सत्तेच्या दालनात डोकावण्याचा झरोका आहे. त्याचे घर कसे चालते, त्याचा डबा कोण भरते, हे प्रश्न वाचकाच्या मनात येत नाहीत आणि लेखकालाही त्यांची गरज भासत नाही. वृत्तपत्रात काम करणाऱ्या स्त्रीविषयी लिहिताना हे प्रश्न टाळता येत नाहीत. तिची कचेरी तिच्या स्वयंपाकघरापासून सुरू होते.

या अनुभवाची पार्श्वभूमी पाहण्यासाठी चेन्नईतील तिरुवल्लिकेणी ही वस्ती निवडण्याला कारण आहे. 'अल्ली' म्हणजे कमळाच्या जातीचे फूल आणि 'केणी' म्हणजे तळे. इंग्रजांनी या सुंदर नावाचे 'ट्रिप्लिकेन' केले. पार्थसारथीचे मंदिर, त्याभोवतालच्या गल्ल्या आणि पूर्वेला समुद्र अशी तिची रचना. दक्षिणेतील देशी वृत्तपत्रसृष्टीचे मूळ याच वस्तीत सापडते. तिरुवल्लिकेणीच्या साहित्य मंडळात जमणाऱ्या सहा तरुणांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी 'द हिंदू' हे साप्ताहिक काढले. मद्रास उच्च न्यायालयात टी. मुथुस्वामी अय्यर या भारतीयाची न्यायाधीशपदी नेमणूक झाली असता इंग्रजी पत्रांनी केलेली टीका त्यांना झोंबली होती. उसने घेतलेल्या पावणेदोन रुपयांत ऐंशी प्रती छापल्या, अशी त्याची जन्मकथा आहे. पुण्यात 'केसरी' निघाला तो त्यानंतर तीन वर्षांनी. 'द हिंदू'च्या संस्थापकांतील जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनीच १८८२ मध्ये 'स्वदेशमित्रन्' हे तमिळ पत्र सुरू केले आणि १९०४ मध्ये सुब्रह्मण्य भारती तेथे साहाय्यक संपादक म्हणून लागले. मंदिरामागच्या गल्लीतील ज्या घरात भारतींनी अखेरचे दिवस काढले, ते आज स्मारक आहे. तिरुवल्लिकेणीच्या वाळवंटावर जेथे राष्ट्रीय सभा भरत, त्या जागेला तिलक घाट म्हणतात. मराठी वाचकाला या वस्तीत परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु या गौरवशाली इतिहासात स्त्रिया कोठे आहेत? सुब्रह्मण्य अय्यरांनी १८८९ साली आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. त्यांच्या धैर्याची नोंद सर्वत्र आहे. त्या मुलीला या साऱ्याविषयी काय वाटले, हे सांगणारे तिचे शब्द वाङ्मयात आलेले नाहीत. भारतींनी १९०५ मध्ये 'चक्रवर्तिनी' हे स्त्रियांसाठीचे मासिक संपादित केले. तेही स्त्रियांसाठी पुरुषाने चालवलेले पत्र होते. वृत्तपत्रीय नोकरीची घरातली बाजू आपल्याला कळते ती भारतींच्या पत्नी चेल्लम्माळ यांच्या आठवणींतून. घरात शिजवायला जे तांदूळ होते ते कवीने चिमण्यांना टाकले, ही कथा तमिळ भाषकांना तोंडपाठ आहे आणि ती कवीच्या करुणेची कथा म्हणून सांगितली जाते. चेल्लम्माळांच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ पालटतो. पगार नियमित न मिळणाऱ्या संपादकाच्या घरात त्या दिवशीचा स्वयंपाक कसा करावा, हा तिच्यातला खरा पेच आहे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तील टिळकांच्या लहरींचे प्रसंग ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या पेचाची चव नव्याने सांगावी लागणार नाही.

याच तिरुवल्लिकेणीत वै. मु. कोदैनायकी अम्माळ (१९०१–१९६०) यांनी जे केले, ते भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदले जायला हवे होते. त्यांचे लग्न त्यांना पाच-सहा वर्षे असताना झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. गोष्टी रचून सांगण्याची हातोटी उपजत होती, पण लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून पहिले नाटक त्यांनी तोंडी सांगितले आणि एका मैत्रिणीने लिहून घेतले. १९२५ मध्ये 'जगन्मोहिनी' हे मासिक त्यांनी हाती घेतले आणि पस्तीसएक वर्षे चालवले. त्यांच्या नावावर एकशे पंधरा कादंबऱ्या आहेत. स्वातंत्र्यलढ्यात १९३२ मध्ये त्या तुरुंगात गेल्या, तेथेही लिहीत राहिल्या. १९६० च्या फेब्रुवारीत त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कादंबऱ्या दीर्घकाळ तमिळ समीक्षेच्या परिघाबाहेर राहिल्या. लोकप्रिय, बोधपर, गुंतागुंतीच्या कथानकांची रचना करणारी लेखिका, असा शिक्का त्यांच्यावर बसला.

हा शिक्का सर्वस्वी अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. एकशे पंधरा कादंबऱ्या मासिकाच्या मुदतीच्या धाकात लिहिल्या की त्यांत पुनरावृत्ती येणारच. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मधील लेखनातही मुदतीचे ओझे जाणवते. मात्र हरिभाऊंच्या बाबतीत आपण ते ओझे ऐतिहासिक परिस्थिती म्हणून समजून घेतो आणि कोदैनायकींच्या बाबतीत ती प्रतिभेची उणीव ठरते. ही दोन मापे आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कोदैनायकींनी नोकरी कधी केली नाही. मासिक त्यांचे स्वतःचे होते आणि त्याचा कारभार घरच्यांच्या पाठिंब्यावर, घराला धरून उभा होता. दुसऱ्याच्या कचेरीत जाऊन, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या नावाने निघणाऱ्या पत्रासाठी लिहिणे हा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

तो आला त्यांच्या नातींच्या वयाच्या मुलींवर. साठनंतरच्या तिरुवल्लिकेणीतील मध्यमवर्गीय घर म्हणजे बहुधा 'ओंडुकुडित्तनम्' : एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, सामायिक विहीर वा नळ, सामायिक अंगण. पुण्याच्या पेठांतील वाडा आणि गिरगावातील चाळ यांची ही सख्खी बहीण. याच वस्तीत एकट्या नोकरदार पुरुषांना खोली देणारी 'मॅन्शने' पुढे प्रसिद्धीस आली. बाहेरगावाहून आलेला तरुण तेथे खाट भाड्याने घेऊन, खाणावळीत जेवून, वृत्तपत्रात उमेदवारी करू शकत होता. तरुणीला अशी खोली नव्हती. तिला नोकरी करायची ती आईवडिलांच्या वा नातेवाइकांच्या बिऱ्हाडात राहून, पहाटे दारात कोलम काढून, पाणी भरून, आणि सायंकाळी कितीला परतली याचा हिशेब साऱ्या वाड्याला देऊन. मॅन्शनमध्ये राहणाऱ्या तरुणाचा एकाकीपणा आधुनिक साहित्याला जवळचा वाटला, कारण एकाकीपणा हा आधुनिकतेचा मान्यताप्राप्त विषय होता. अखंड गजबजाटात स्वतःसाठी अर्धा तास न मिळणे हा विषय तसा मान्यताप्राप्त नव्हता.

कचेरीच्या बाजूनेही परिस्थिती सरळ नव्हती. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने कामाचे तास आणि वेतन यांना पहिल्यांदा काही शिस्त आणली, आणि त्या कायद्यात पत्रकार पुरुष की स्त्री असा भेद केलेला नाही. दुसरीकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई होती. छापखाना हा कारखाना. संपादकीय खोली कारखाना नव्हे. परंतु दैनिक पत्राचा प्राण रात्रपाळीत असतो आणि 'रात्रपाळीला बाई कशी चालेल' हा प्रश्न सर्व कायद्यांच्या वर उभा राहत असे. परिणामी शिकलेल्या मुलीच्या वाट्याला दैनिकातील बातमीपेक्षा साप्ताहिकातील वा मासिकातील सदर, पुरवणीतील पान, वाचकांची पत्रे आणि पाककृती हे काम आले. रात्रपाळीच्या या प्रश्नाने स्त्रियांच्या लेखनाचा एक प्रकारच ठरवून टाकला. सदरलेखन हा स्त्रियांचा 'स्वभाव' आहे असे आपण पुढे म्हणू लागलो. पण त्या स्वभावाला पाळीच्या वेळापत्रकाने वळण लावले होते, हे विसरता येत नाही.

या काळातील तमिळ साप्ताहिकांनी स्त्रीची कोणती प्रतिमा विकली, याचा चिकित्सक अभ्यास सी. एस. लक्ष्मी यांनी केला आहे. 'अंबै' या नावाने कथा लिहिणाऱ्या आणि दीर्घकाळ मुंबईत वास्तव्य असलेल्या या लेखिकेचा 'द फेस बिहाइंड द मास्क' हा तमिळ स्त्रीलेखनावरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. लोकप्रिय नियतकालिकांनी लेखिकांना मोठा वाचकवर्ग दिला आणि त्याच वेळी त्यांच्या नायिकांना त्यागाच्या व सोशिकतेच्या साच्यात बसवले, ही तिची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू. हा ग्रंथ मराठी अभ्यासकांनी मराठी नियतकालिके समोर ठेवून पुन्हा वाचावा असा आहे. अंबै यांना २०२१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याकडे त्यांच्या कथांविषयी थोडेफार लिहिले गेले. त्यांच्या या संशोधनाविषयी जवळजवळ नाहीच.

पुरुष लेखकांपैकी जयकांतन यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९६६ मधील 'अग्निप्रवेशम्' या त्यांच्या कथेत पावसात बससाठी उभ्या असलेल्या महाविद्यालयीन मुलीला एक अनोळखी पुरुष मोटारीत घेतो आणि तिच्यावर प्रसंग ओढवतो. घरी आल्यावर आई तिच्या डोक्यावरून पाणी ओतून 'तू शुद्ध झालीस' असे सांगते. कथेवर वादळ उठले. आईने असे केले नसते तर काय झाले असते, या प्रश्नातून 'सिल नेरंगळिल् सिल मनिदर्गळ' ही कादंबरी जन्मली आणि तिला १९७२ चा अकादेमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका गंगा शिकते, नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी राहते. कादंबरीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि एक गोष्ट खटकते. गंगेची नोकरी ही तिच्या आयुष्याला जडलेल्या त्या एका प्रसंगाची उत्तरक्रिया म्हणून येते. काम म्हणून कामाची गोडी, त्यातले बारकावे, चुकलेले आणि साधलेले, यांत कादंबरीकाराला रस नाही. घराबाहेर पडलेल्या मुलीचा रस्ता त्याला दिसतो, पण तो रस्ता जिथे जातो ते ठिकाण दिसत नाही.

ते ठिकाण त्या काळी एका चित्रपटात दिसले. नरेंद्रनाथ मित्र यांच्या 'अवतरणिका' या बंगाली कथेवरून सत्यजित राय यांनी १९६३ मध्ये 'महानगर' केला. त्यातील आरती ही विणकामाची यंत्रे घरोघर जाऊन विकणारी विक्रेती आहे, पत्रकार नव्हे. पहिला पगार हाती आल्यावर ती आरशापुढे उभी राहून त्या कोऱ्या नोटा नाकाशी नेते. त्या क्षणात संवाद नाहीत, कथानक पुढे सरकत नाही, कुणाचा त्याग वा कुणाचा अन्याय नाही. एका स्त्रीला स्वतःच्या श्रमाचा वास येतो, एवढेच. गद्यात असा क्षण पेलणारी लेखिका त्या दशकात मी मराठीत शोधली, तर तिच्या जवळपास जाणारी पाने सापडतात. तो क्षण मात्र सापडत नाही.

मराठीतील पूर्वपीठिका दुबळी नव्हती. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या संग्रहात मिळवत्या अविवाहित मुली आहेत आणि त्यांच्या पगारावर डोळा ठेवणारी घरेही आहेत. पुस्तकावर उठलेले काहूर लेखिका कोण या कुतूहलाभोवती फिरले आणि मुलीच्या मिळकतीचे घरातील अर्थकारण हा तिचा खरा विषय बाजूला पडला. शांता शेळके यांनी चाळीसच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग'मध्ये काही वर्षे उपसंपादकाचे काम केले. 'धूळपाटी' या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तकाच्या वाचकाला त्यांची स्मरणशक्ती आणि त्यांचा प्रसन्न संकोच दोन्ही परिचित आहेत. पुढे 'एक पानी'सारख्या सदरलेखनात त्यांनी जी सुटसुटीत, मोजकी, कोणत्याही विषयावर बेतशुद्ध बोलणारी शैली कमावली, तिची तालीम मला साप्ताहिकाच्या त्या कचेरीत झालेली दिसते. कवयित्री म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना आपण हे शिक्षण गाळतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेत बसेल एवढे लिहिणे ही शिस्त गीतकाराला उपकारक ठरते, हे ज्याला पटत नाही त्याने चालीवर शब्द बसवणे म्हणजे काय, हे आठवून पाहावे.

साठनंतर कमल देसाई यांचा 'रंग' (१९६२) आणि पाठोपाठ 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' (१९६३) आले. एकटी, विचार करणारी, समाजाच्या नात्यांत न बसणारी स्त्री त्यांनी मराठीत आणली. मात्र त्यांच्या प्रतिभेचा ओढा दैनंदिनाकडे नव्हता. दैनंदिन फोडून त्याच्या आतले भीषण पाहण्याकडे होता. त्यामुळे नोकरीचा सलग, अनाकर्षक दिवस त्यांच्याही हातून निसटला.

आणि याच सुमारास, १९६४ मध्ये, सत्तावीस वर्षांच्या विद्या बाळ पुण्यात 'स्त्री' मासिकाच्या संपादन विभागात रुजू झाल्या. त्याआधी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर त्यांनी दोन वर्षे काम केले होते. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांची ही नात. म्हणजे वृत्तपत्र हे तिच्या घरातच होते. परंतु आजोबांच्या पिढीत ते पुरुषांचे राजकारण होते आणि नातीच्या वाट्याला आले ते बायकांचे मासिक. १९३० मध्ये किर्लोस्करांनी सुरू केलेल्या 'स्त्री'ला मुकुंदराव आणि शांताबाई किर्लोस्कर यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. तेथे विद्या बाळ १९८३ पर्यंत साहाय्यक संपादक आणि नंतर तीन वर्षे संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा लिहिल्या गेलेल्या लेखांत चळवळीतील कार्यकर्तीचे चित्र ठळक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९६४ ते १९७५ या दशकभरातील तरुण नोकरदार स्त्री त्या चित्रात अंधुक राहते. चळवळ नंतर आली. आधी आली ती टपालातून येणारी पत्रे आणि हस्तलिखिते.

माझ्या मते या स्त्रीच्या पहिल्या नोकरीचे वाङ्मय तिच्या आठवणींपेक्षा तिच्या संपादकीय गद्यात शोधावे. 'संवाद' या नावाने पुस्तकरूप झालेले त्यांचे लेखन पाहा. त्यातील वाक्य पत्राला उत्तर देणाऱ्याचे आहे. समोर कुणी एक बाई बसली आहे, तिला दुपारी थोडा वेळ आहे, तिला ऐकवायचे आहे पण उपदेश करायचा नाही, असे गृहीत धरून ते चालते. ही शैली वाङ्मयीन वर्तुळात 'साधी' म्हणून दुर्लक्षिली गेली. ती साधी नाही. कोदैनायकींच्या बोधपरतेपासून ती जितकी दूर आहे तितकीच वर्तमानपत्री अग्रलेखाच्या उंच स्वरापासूनही दूर आहे. वर्षानुवर्षे दुसऱ्यांचा मजकूर सुधारताना स्वतःचा स्वर खाली ठेवण्याची सवय लागल्यावाचून असे गद्य लिहिता येत नाही. कधी कधी हा स्वर फार खाली जातो, मतभेदाची धार बोथट होते, हेही नमूद केले पाहिजे. स्त्रियांच्या लेखनाला 'साक्ष' म्हणून सरसकट पूज्य मानणारी अलीकडची समीक्षा असा फरक करीत नाही. आणि केवळ अनुभव म्हणून गौरवलेले लेखन लवकरच न वाचता गौरवले जाऊ लागते.

विद्या बाळ यांनी नोकरी करीत असतानाच १९७२ मध्ये 'कमलाकी' हे चरित्र लिहिले. ते त्यांच्या आत्याचे, डॉ. कमलाबाई देशपांडे यांचे. लहान वयात वैधव्य, कर्व्यांच्या संस्थेतील शिक्षण, प्राग विद्यापीठाची डॉक्टरेट, नंतर अध्यापन. स्वतः कमलाबाईंनी हे आयुष्य 'स्मरणसाखळी' या आत्मचरित्रात (१९४३) मांडले होते. असे असता भाचीला ते पुन्हा लिहावेसे का वाटले? दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की उत्तर मिळू लागते. आत्याच्या पुस्तकात टप्पे आहेत, पदव्या आहेत, मोठ्या माणसांच्या भेटी आहेत. रोज कचेरीत जाणारी भाची मात्र या कर्तबगार बाईच्या दिवसाकडे वळते : तिचे एकटे घर, तिच्या सवयी, तिचे कामावर जाणे-येणे, नातेवाइकांशी तिचे बरे-वाईट जमणे. तिरुवल्लिकेणीच्या त्या मैत्रिणीने कोदैनायकींचे शब्द ऐकून लिहून घेतले होते. येथे ऐकणारीने, सांगणारीने जे वगळले तेच उतरवून घेतले आहे. विद्यार्थ्यांनी 'कमलाकी' हातात घ्यावी ती 'स्मरणसाखळी' वाचून झाल्यावर, आणि या क्रमानेच.